दप्तरात झिरो-झिरोचे कॅन सापडले, आता काय?

पत्र थोडक्यात: घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. मुलगा १४ वर्षांचा, नववीत. गॅदरिंगच्या प्रॅक्टिसच्या दिवशी त्याच्या दप्तरात नॉन-अल्कोहोलिक बिअरचे, म्हणजे ०.० वाले कॅन सापडले. चार मित्रांनी कॉन्ट्री काढून मॉलमधल्या सुपरमार्केटमधून आणले होते, काउंटरवर कुणी काही विचारलं नाही, आणि दोन कॅन तर मागच्या बाकावर संपलेसुद्धा. शाळेने आईवडलांना बोलावून "तुमचा मुलगा शाळेत दारू पितो" असं ऐकवलं. आता आठवडाभर सस्पेंड करणार आणि रेकॉर्डवर नोंद करणार म्हणतायत. मिस्टर भडकलेत, ही दारू नाहीच, शाळेला नोटीस पाठवू म्हणतात. सासूबाई सारख्या रडतायत, कारण सासरे दारूपायीच गेले, आणि "रक्तातच आहे" असं त्या मुलासमोर बोलून गेल्या. मिस्टरांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, पण ऑफिसच्या पार्टीत आणि रविवारी मॅच बघताना घरी ते हीच ०.० घेतात. मुलगा म्हणतो, "बाबा पितातच की, त्यात काही नसतं." ताईंचे प्रश्न तीन: मुलांना हे विकत घेता येतं का, शाळा बरोबर आहे का, आणि आजोबांचं मुलात उतरलंय का.

ताई, तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते, कारण पत्र वाचताना कळतंय की तुमची झोप उडालीय ती त्याच प्रश्नाने. नववीतल्या चार पोरांनी पैसे गोळा करून कॅन आणले आणि मागच्या बाकावर खुसखुसत प्यायले, एवढ्यावरून आजोबांचं उतरलंय असं काही म्हणता येत नाही. दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो हे खरंय, जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून तो साधारण निम्म्याच्या आसपास धरतात, आणि हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण याचा अर्थ सावध राहायचं एवढाच आहे. त्याच सासऱ्यांचे चिरंजीव तुमच्या घरात आहेत आणि त्यांनी एक थेंब घेतलेला नाही, हे सासूबाईंच्या डोळ्यांसमोर आहे, त्यांना ते हळूच दाखवून द्या. आणि "रक्तातच आहे" हे वाक्य मुलाच्या कानावर परत पडणार नाही एवढं आजच ठरवा. या वयात पोरं आपण कोण आहोत ते शोधत असतात, आणि घरातल्या मोठ्या माणसाने असं काही रडत रडत म्हटलं की ते मनात जाऊन बसतं, मग वर्षानुवर्षं निघत नाही.

आता कायद्याचं. आपल्या महाराष्ट्रात बिअर प्यायला वय २१ लागतं, कडक दारूला २५, वर परमिट लागतं ते वेगळंच, ते कितीजण काढतात हा भाग सोडा. दुसरीकडे अन्नसुरक्षेचे जे दारूबद्दलचे नियम २०१८ साली आले त्यात अल्कोहोलिक पेय कशाला म्हणायचं ते ठरवलंय, ०.५ टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर. त्याखालचं पेय त्या नियमांपुरतं दारू नाही. म्हणून तर ०.० चे कॅन वाइन शॉपऐवजी सुपरमार्केटमध्ये कोल्ड्रिंकच्या शेजारी दिसतात, ड्राय डेला मिळतात, ऑनलाइन मागवले की दहा मिनिटांत घरी येतात. मग २१ वर्षांची अट ०.० ला लागत नाही, काउंटरवरच्या माणसाने काही गुन्हा केला नाही आणि तुमच्या मुलानेही नाही. इथे मिस्टर बरोबर आहेत, त्यांना तसं स्पष्ट सांगा, निम्मा राग तिथेच उतरेल.

एक बारीक गोष्ट मात्र सगळ्याच पालकांनी लक्षात ठेवा. नॉन-अल्कोहोलिक लिहिलेलं सगळं एकसारखं नसतं. काहींवर सरळ ०.० असतं, काहींवर ०.५ टक्क्यांपर्यंत असं काहीतरी बारीक अक्षरात असतं, आणि आपला राज्याचा दारूबंदीचा कायदा आहे ना, १९४९ चा, त्यातली दारूची व्याख्या फारच रुंद आहे, अल्कोहोल असलेला कुठलाही द्रव त्यात येऊ शकतो. त्यामुळे ०.५ वाल्याबद्दल "कायद्याने एकदम ओके" असं मी छातीठोक सांगणार नाही, आणि मुलांच्या बाबतीत तर तो वाद अंगावर घ्यायचं कारणच नाही. तुमच्याकडचे कॅन खरंच ०.० आहेत का ते लेबल वाचून बघा, शाळेत जायच्या आधी.

शरीराचं म्हणाल तर घाबरायचं कारण नाही. ३३० मिलीचा कॅन धरला आणि अगदी ०.५ टक्के धरले तरी त्यात दीड-पावणेदोन मिली अल्कोहोल होतं, साध्या ५ टक्केवाल्या बिअरच्या तेवढ्याच कॅनमध्ये साडेसोळा मिली. म्हणजे दहा कॅन रिचवले तर एका बिअरएवढं. आणि ०.० मध्ये तेवढंही नाही. जास्त पिकलेल्या केळ्यात, पावात, फळांच्या रसात पण आपोआप थोडंसं अल्कोहोल तयार होतच असतं. सासूबाईंना हे आकडे सांगून पटणार नाही, त्यांना नीरेचं सांगा. स्टेशनजवळच्या केंद्रावर सकाळी नातवाला नीरा पाजताना कुणाला काही वाटत नाही, आणि तीच नीरा उन्हात राहिली की तिची ताडी होते. झाड एक असलं तरी सकाळचा ग्लास प्यायलेलं पोर दारू प्यायलं असं आपण म्हणत नाही ना. साखरेकडे मात्र बघा, ही पेयं दोन-तीन प्रकारे बनतात, काही खरी बिअर बनवून तिच्यातलं अल्कोहोल काढून टाकतात, काही नुसतं माल्टचं पाणी, सोडा आणि लिंबू-आल्याचा फ्लेवर असतो, आणि या दुसऱ्या प्रकारात गोडवा बराच असू शकतो.

मग शाळा चुकली का? दारू म्हणण्यात चुकली, कॅन अडवण्यात चुकली नाही. या दोन गोष्टी मिस्टरांनी एकत्र केल्यात आणि शाळेनेही, म्हणून भांडण सुटत नाहीये.

कायद्यात गुन्हा नाही म्हणजे शाळेला बोलायचा हक्क नाही, असं मिस्टरांनी गृहीत धरलंय. पण मोबाइल बाळगणं तरी कुठे गुन्हा आहे, तरी शाळा तो काढून घेतेच आणि आपण डायरीवर सही करून त्याला मान्यता दिलेली असते. कोल्ड्रिंकसुद्धा शाळेत चालत नाही, २०१७ ला राज्य सरकारने कॅन्टीनमधून जंक फूड आणि असली फसफसणारी पेयं काढायला सांगितली, आणि २०२० च्या केंद्राच्या नियमांत तर जास्त साखर, मीठ, चरबीवाले पदार्थ शाळेत आणि गेटपासून ५० मीटरपर्यंत विकायला मनाई आहे. हे विक्रीचे नियम आहेत, प्यायल्याबद्दल पोराला शिक्षा करायचे नाहीत, पण शाळेची दिशा चुकीची नाही हे त्यातून कळतं. शिवाय वर्गशिक्षिकेच्या जागी क्षणभर उभ्या राहा. समोर बिअरच्या कंपनीचा कॅन आहे, वर्गात साठ मुलं बघतायत, आतलं काय आहे ते त्यांनी चाखून बघायचं का? आज यात ०.० आहे, उद्या कुणी हुशार पोरगं रिकाम्या कॅनमध्ये खरी भरून आणेल, तेव्हा शाळेने कसं ओळखायचं? म्हणून दिसायला बिअरसारखं जे काही आहे ते शाळेत नको, असा सरसकट नियम मला योग्य वाटतो, आणि कायद्याची भाषा बाजूला ठेवली तर मिस्टरांनाही वाटेल. या कंपन्यांचंच घ्या, बडवायझर, हायनेकेन यांची ०.० आपल्याकडे मिळते, आणि मोठ्या बिअर कंपन्या स्वतःच सांगतात की हे आमचं प्रॉडक्ट मोठ्या माणसांसाठी आहे. इंग्लंडमध्ये पण २०२५ मध्ये सरकारने १८ च्या खालच्यांना हे विकूच नये का याचा विचार सुरू केला. म्हणजे अल्कोहोल नाही हे खरं असूनही लहान मुलांच्या हातात हे नको असं वाटणारी तुमची शाळा काही एकटी नाही.

पण आठवडाभर सस्पेन्शन आणि रेकॉर्डवर "दारू", हे मला अजिबात मान्य नाही. आणि तुम्हीही मान्य करू नका. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना असतो, तो दाखला पुढे कॉलेजला लागतो, आणि न प्यायलेल्या दारूची नोंद चौदाव्या वर्षी कागदावर चढली तर ती पुसायला किती हेलपाटे मारावे लागतील विचार करा. शिक्षण हक्क कायद्यात शाळेतून काढता येत नाही ही जी तरतूद लोक सांगतात ती आठवीपर्यंतची आहे, तुमचा मुलगा नववीत, त्यामुळे त्या आधारावर भांडायला जाऊ नका, तिथे तुमची बाजू लंगडी पडेल.

जायचं कसं, तर दोघांनी जायचं आणि सुरुवात आपल्या चुकीपासून करायची. "बाहेरचं पेय शाळेत आणलं, वर्गात प्यायलं, हे चुकलं, आम्ही त्याला घरी बोललोय, त्याची शिक्षा आम्हाला मान्य आहे." हे आधी, बाकी सगळं नंतर. मग रिकामा कॅन किंवा लेबलचा फोटो टेबलावर ठेवून शांतपणे सांगायचं की यात अल्कोहोल नाही, तेव्हा नोंद करायचीच असेल तर "मनाई असलेलं पेय आणलं" अशी करा, दारू हा शब्द नको. आणि हे तोंडी न ठेवता अर्ज लिहून द्या, दोन परिच्छेदांचा, पोच घ्या. शिक्षा म्हणून घरी बसवण्यापेक्षा काहीतरी काम द्या असं तुम्हीच सुचवा, गॅदरिंगचं सामान आवरणं, लायब्ररीत आठवडाभर मदत, काहीही, पण वर्ग बुडायला नको. चारही मुलांना सारखीच शिक्षा आहे का तेही विचारा, कारण कॅन ज्याच्या दप्तरात सापडले त्याच्याच माथी सगळं मारलं जातं, असं खूप होतं. ऐकलं नाही तर पालक-शिक्षक संघाकडे जा, आणि तरी नाहीच ऐकलं तर ठाणे जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते. वकिलाची नोटीस शेवटची. पोराला अजून दीड-दोन वर्षं त्याच शिक्षकांसमोर बसायचंय, दहावी तिथेच काढायचीय.

आता मिस्टरांबद्दल, आणि हे जरा जपून लिहिते कारण ते पण वाचतील. मला वाटतं त्यांचा एवढा संताप शाळेवरचा कमी आहे. ज्या माणसाने बापाला दारूत जाताना बघितलं, आणि मग ऑफिसमध्ये चारचौघांत बसायचं पण प्यायचं नाही यासाठी ०.० हा मार्ग शोधला, त्याच्यासाठी तो कॅन म्हणजे आपण जिंकल्याची खूण आहे. आणि आता कुणीतरी केबिनमध्ये बसून त्यालाच दारू म्हणतंय, तेही मुलाच्या नावाने. लागणारच ना. ते नोटीस पाठवायला निघालेत ते मुलासाठी आहेच, पण स्वतःसाठीही आहे, आणि त्यात काही वाईट नाही, फक्त ते त्यांनी स्वतःशी कबूल केलं तर शाळेतल्या मीटिंगमध्ये आवाज चढणार नाही.

आणि म्हणूनच मुलाशी बोलायचं काम तुमचं नाही ताई, त्यांचं आहे. तुम्ही पत्रात लिहिलंय "मी त्याला कसं समजावू", इथे मी तुम्हाला थांबवेन. मुलगा म्हणाला बाबा पितातच की. खरंच बोलला तो. त्याने बघितलंय काय, तर बाबा रविवारी सोफ्यावर बसून बिअरसारखा कॅन फोडतात, खूश असतात. ते तो का फोडतात, खरी बिअर का घेत नाहीत, आजोबांच्या शेवटच्या वर्षांत घरात काय काय झालं, आजीने काय काय सोसलं, हे त्याला कुणी सांगितलंय का? तुमच्या पत्रावरून वाटतं की नाही. आपल्या घरांत गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणून गप्प बसतात, ते मी समजू शकते, पण मग पोराला बाबांचा कॅन तेवढा दिसतो, त्याच्यामागचा माणूस दिसत नाही. बापाने एकदा त्याला बाहेर घेऊन जावं, उपवनला किंवा तलावपाळीला चक्कर मारायला, समोरासमोर न बसता चालता चालता बोललं की पोरं जास्त ऐकतात, आणि सगळं सांगावं, लाज न वाटू देता. भाषण नको. "मला भीती वाटायची म्हणून मी असं ठरवलं" एवढं बाप मुलाला म्हणाला ना, तरी सस्पेन्शनपेक्षा जास्त काम होईल. सासूबाईंना आधी विचारा मात्र, नवरा त्यांचा होता, त्यांच्या नकळत हे उघड करू नका.

त्याला एक प्रश्नही विचारावा, रागाने नाही, खरोखर जाणून घ्यायला: शाळेतच का आणलं? घरच्या फ्रिजमध्ये होतंच की. उत्तर बहुतेक असं येईल की मित्रांना दाखवायचं होतं, मोठं झाल्यासारखं वाटतं, कॅन फोडल्याचा आवाज आला की सगळे बघतात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, त्या वयाची भूक आहे ती. पण मग त्याला स्वतःलाच कळेल की हवं होतं ते कॅनमधलं पाणी नव्हतं, आणि "त्यात काही नसतं" हा त्याचा मुद्दा आपोआप संपेल. मुलांना आवडणारा अजून एक विषय आहे तो म्हणजे आपल्याला कोण कसं वापरून घेतंय. आपल्याकडे टीव्हीवर दारूची जाहिरात करायला बंदी आहे, थेट पण आणि आडून पण, केबल टीव्हीच्या नियमांनुसार, आणि २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आडून केलेल्या जाहिरातींवर अजून कडक नियम आणले. मग तेच नाव आणि तसाच लोगो असलेला कॅन कोल्ड्रिंकच्या शेल्फवर दहावी-नववीच्या पोरांच्या हाताला लागतो तेव्हा फायदा कुणाचा होतो, हे त्यालाच शोधू द्या. १४ वर्षांच्या मुलाला "तू वाईट आहेस" यापेक्षा "तुला कुणीतरी गिऱ्हाईक बनवतंय" हे जास्त झोंबतं.

घरचा नियम काय ठेवायचा? माझं मत सांगते, तुम्ही तुमचं ठरवा. मिस्टरांनी ०.० सोडायची गरज नाही, ते त्यांनी कमावलंय. पण फ्रिजमध्ये पुढेच कोल्ड्रिंकच्या रांगेत न ठेवता वेगळं ठेवावं, मुलाने १८ होईपर्यंत घ्यायचं नाही, बाहेर तर नाहीच, आणि हे का ते वरच्या गप्पांत आलेलं असावं म्हणजे तो नुसता हुकूम राहणार नाही. या पेयांमुळे मुलं नक्की दारूकडे जातात असं कुणी सिद्ध केलेलं नाही, म्हणून मी घाबरवणार नाही, पण ज्या घरात आजोबा असे गेले तिथे चवीची आणि बाटलीची सवय लवकर न लागलेली बरी, एवढाच माझा विचार आहे. ज्यांच्या घरी कुणी दारू सोडण्याच्या प्रयत्नात आहे त्यांनी तर हे कॅन घरात आणूच नयेत, सोडलेल्या माणसाला तो वास आणि ती चवच परत ओढू शकते, हे इतर वाचकांनीही लिहून ठेवा.

आणि दुसऱ्या पालकांसाठी एक गोष्ट, कारण ०.० वर एवढा गोंधळ होतो आणि खऱ्या दारूला मात्र आपण हसतो. हळदीला, थर्टी फर्स्टला, गटारीला काकामामा "एक घोट घे रे, मर्द आहेस ना" म्हणून चौदा-पंधराच्या पोरापुढे ग्लास करतात. तो गुन्हा आहे. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७, मुलाला दारू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. त्या काकांना हे सांगा, हसत नको, नीट सांगा.

राहिले ते तीन मित्र. त्यांच्या आयांना फोन करा, तक्रार म्हणून नाही, "आपण चौघी मिळून शाळेला एकच अर्ज देऊ का" म्हणून. एकेकटी आई शाळेत गेली की खाली मान घालून परत येते, चौघी गेल्या की बोलणं होतं. सुपरमार्केटच्या मॅनेजरलाही जाता जाता सांगता येईल की हे कॅन लहान मुलांच्या कोल्ड्रिंकपासून लांब ठेवा आणि शाळेच्या युनिफॉर्ममधल्या पोरांना देऊ नका. कायद्याने ते बांधील नाहीत, पण चार गिऱ्हाइकांनी सांगितलं तर बरेचजण ऐकतात.

काळजी कधी करायची तेही सांगून ठेवते. पैसे सारखे कमी पडायला लागले, जुने मित्र तुटून एकदम नवीन टोळकं आलं, उशिरा येऊन थेट बाथरूममध्ये जायला लागला, अभ्यास आणि झोप दोन्ही एकदम ढासळलं, किंवा ०.० च्या जागी खरी बिअर असल्याचं तुम्हाला कळलं, तर मग घरच्या घरी वाट बघू नका. शाळेच्या समुपदेशकांना भेटा, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर फोन करा, फोन फ्री आहे आणि मराठीत बोलता येतं. त्याच नंबरवर सासूबाईंनाही बोलू द्या, त्यांचं रडणं नातवापेक्षा जुनं आहे आणि त्यांना ऐकून घेणारं कुणीतरी हवंय.